कार्बोरेटर उतरवण्याआधी

अगं, मामांच्या बीटलला फ्युएल इंजेक्शन बसवायचं तुझ्या मनानं घेतलंय, हे आईकडून कळलं. ताई काय म्हणेल याची तुला धाकधूक आहे, हेही तिनंच सांगितलं. तर आधी ती धाकधूक काढून टाक. मी तुला अडवणार नाही. इंजिनं तपासायच्या कामात माझी पुण्यातली वर्षं गेली, आणि आपल्या पेडगावात, आपल्याच शेडमध्ये, माझी धाकटी बहीण हे काम हातात घेतेय याचा मला मनापासून आनंद आहे. पण मला एक गोष्ट तुझ्या कानात घालायची आहे. इंजेक्शन ही या कामातली शेवटची पायरी आहे, आणि बहुतेक जण तीच पहिली समजून चढायला जातात. तू तसं करू नकोस.

जुन्या गाड्यांचे शौकीन तुला म्हणतील की बीटलला कॉम्प्युटर लावणं म्हणजे पाप. ते मनाला लावून घेऊ नकोस. हे काम खुद्द फोक्सवॅगननंच आधी केलंय. १९६७ साली त्यांच्या १६०० या गाडीत बॉशचं डी-जेट्रॉनिक आलं. मोठ्या संख्येनं बनलेल्या गाड्यांमधलं ते पहिलं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, आणि ते बसलं कशावर, तर हवेनं थंड होणाऱ्या इंजिनावर. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, धुराचे नियम कडक होत होते, त्यातून ते आलं. पुढं १९७५पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बीटलला इंजेक्शन लागलं. मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात १६००आय आली, तीही इंजेक्शनची, आणि ३० जुलै २००३ला जगातली शेवटची जुनी बीटल तिथून बाहेर पडली तेव्हा तिच्यातही कार्बोरेटर नव्हता. म्हणजे तू गाडीच्या घराण्याला सोडून काही करत नाहीयेस.

आणि तुझं कारणही खरं आहे. तुला ही गाडी रॅलीत मिरवायची नाही, रोज परभणीला जायला वापरायची आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ला टेकतो. बीटलची टाकी पुढं, इंजिन मागं, आणि पेट्रोलचा यांत्रिक पंप त्या तापलेल्या इंजिनावरच बसलेला. तो पेट्रोल पुढून ओढून आणतो. ओढताना पाइपातला दाब उतरतो, आणि गरम पेट्रोल कमी दाबाला लवकर उकळतं. मग पाइपात वाफ धरते आणि गाडी भर उन्हात रस्त्यात उभी राहते. इंजेक्शनमध्ये विजेचा पंप टाकीजवळ असतो, तो पेट्रोल ढकलतो, आणि दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. नुसत्या या एका गोष्टीसाठीही आपल्या भागात इंजेक्शनला अर्थ आहे.

दुसरं कारण पंपावरचं पेट्रोल. २०२३पासून २० टक्के इथेनॉलचं मिश्रण टप्प्याटप्प्यानं आलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणाला साधारण साडेतेरा भाग पुरते. मामांच्या सोलेक्स कार्बोरेटरचं जेट साठ वर्षांपूर्वीच्या पेट्रोलसाठी पाडलेलं आहे. त्याला काही कळत नाही, ते तेवढंच पेट्रोल सोडतं. परिणाम असा की मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होतं. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाला ते एकवेळ चालून जाईल, पण हवेच्या इंजिनाला भार असताना पातळ मिश्रण म्हणजे जादा ताप. लक्षात ठेव, या इंजिनात पेट्रोल नुसतं जळायचं काम करत नाही, थोडं थंड ठेवायचंही करतं.

आता मुद्द्यावर येते.

हे इंजिन हवेनं थंड होतं, या एका वाक्यात सगळं आहे. रेडिएटर नाही, पाणी नाही. पुलीवरच्या बेल्टनं डायनमो फिरतो, त्याच दांड्यावर पंखा आहे, आणि पत्र्याच्या खोक्यातून तो हवा सिलिंडरांच्या पंखांवर दाबून सोडतो. बेल्ट तुटला की पंखा थांबतो आणि चार्जिंगचा लाल दिवा लागतो. बीटलमध्ये तो दिवा लागला की गाडी जागच्या जागी बंद करायची. 'परभणी दोन पावलांवर आहे, तेवढं जाऊन बघते' असं करायचं नाही. इतर गाड्यांत तो दिवा बॅटरीचा असतो, इथं तो इंजिनाच्या जिवाचा आहे.

म्हणून तुझं पहिलं काम कॉम्प्युटर मागवणं नाही. पहिलं काम इंजिन खाली उतरवून तो पंख्याचा पत्रा उघडणं. ही गाडी आपल्या शेडमध्ये सोयाबीनच्या आणि तुरीच्या पोत्यांशेजारी किती वर्षं उभी होती, ते तूच पाहिलंयस. उंदरांना त्या खोक्यासारखी उबदार जागा दुसरी मिळत नाही. आत कापसाचं, चिंध्यांचं घरटं सापडलं तर नवल नाही, आणि ते नेमकं सिलिंडरच्या डोक्यावर बसलेलं असतं. वर आपल्या काळ्या मातीची धूळ. गळलेल्या ऑइलवर ती बसली की तिचा थर पंखांच्या फटीत पक्का होतो, आणि मग हवा वरून निघून जाते, फटीत शिरतच नाही. तो सगळा खरवडून, रॉकेल-डिझेलनं धुऊन, ब्रशनं काढ. या कामाला दोन सुट्ट्या गेल्या तरी जाऊ देत.

इंजिनाभोवतीचे पत्रे एकूण एक जागेवर हवेत. डिकीच्या कडेनं जी रबरी पट्टी असते ती वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवते. पट्टी कुजली असेल तर पंखा खालची गरम हवाच पुन्हा ओढतो. गॅरेजमध्ये 'हे पत्रे काय कामाचे, हवा लागू दे इंजिनाला' असं म्हणून ते काढून फेकणारे मिस्त्री आहेत. त्यांना तुझ्या गाडीला हात लावू देऊ नकोस.

मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे. आकडा किती याहून तो चौघांचा एकमेकांच्या जवळ आहे का, हे मोठं. टॅपेट इंजिन पूर्ण गार असताना लाव, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी, सुरू करण्याआधी. ऑइल अडीच लिटरच असतं आणि या इंजिनाला ऑइल फिल्टर नाही, नुसती जाळी आहे. ऑइल वेळच्या वेळी बदललं नाही तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. ज्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलंय त्याला इंजेक्शन काही बरं करणार नाही. उलट कॉम्प्युटर चौघांना सारखंच वाढून त्या एकाचं दुखणं झाकून ठेवील.

एवढं झालं की मग विचार कर, त्या कॉम्प्युटरला इंजिनाचा ताप कसा सांगायचा. माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वांत नाजूक जागा आहे, आणि इथंच लोक घाई करतात.

पाण्याच्या इंजिनात थर्मोस्टॅट असतो. पाणी ८५-९० अंशांवर आलं की इंजिन 'गरम झालं', आणि पुढं ते तिथंच थांबतं. कॉम्प्युटरच्या तक्त्यातही तसंच लिहिलेलं असतं, की गार असताना पेट्रोल वाढव, ८० अंशांनंतर वाढवणं बंद कर. आपल्या बीटलला असा मुक्काम नाही. हेडचं तापमान सपाट रस्त्यावर वेगळं, भार पडला की वेगळं. प्लगपाशी मोजलं तर दीडशेच्या पुढं जाणं नेहमीचंच, आणि हे सगळं पाण्यापेक्षा कितीतरी झपाट्यानं चढतं-उतरतं. तेव्हा दुसऱ्या कुठल्या गाडीचा तयार तक्ता आणून घातलास तर सकाळी गाडी चांगली चालेल आणि दुपारी घोटाळा करील.

सेन्सर हेडमध्ये बसव, आणि तोही तीन नंबरच्या सिलिंडरपाशी. १९६५च्या गाडीत ऑइल कूलर पंख्याच्या खोक्याच्या आतच उभा असतो, आणि त्याच्या आडोशाला तीन नंबर येतो. त्याच्या वाट्याला कमी आणि आधीच गरम झालेली हवा येते. फोक्सवॅगननं १९७१च्या मॉडेलपासून कूलर बाजूला वेगळ्या खोक्यात नेला, तो यासाठीच. घरात ज्याचं अंग आधी तापतं त्याच्याच कपाळाला हात लावून बघायचा असतो. तीन नंबर सुखात असेल तर बाकीचे तिघे सुखात आहेत.

हवेचं तापमान सांगणारा दुसरा सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डवर ठोकू नकोस. गाडी चालवून आल्यावर दहा मिनिटं उभी केलीस की डिकीतला सगळा ताप त्या सेन्सरमध्ये मुरतो. परत चावी फिरवली की तो सांगतो, हवा फार गरम आहे, म्हणजे विरळ आहे, पेट्रोल कमी सोड. खरी आत येणारी हवा तेवढी गरम नसतेच. मग गाडी आचके देते आणि तू पंपाला नाहीतर प्लगला दोष देत बसतेस. तो सेन्सर एअर क्लीनरच्या तोंडाशी, ताज्या हवेत ठेव.

हे सगळं समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. आपल्या दाराशी उभी असलेली स्प्लेंडर बघ. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ लागू झालं आणि तिचाही कार्बोरेटर गेला. तिचं इंजिन हवेनंच थंड होतं. चावी फिरव, टाकीतून पंपाचा 'ऊंऽऽ' असा आवाज येईल आणि दोनेक सेकंदांत थांबेल. दाब भरला, आता इंजिन फिरल्याशिवाय पंप चालणार नाही. इंजिनावर तापमानाचा सेन्सर कुठं आहे, इंजेक्टर कसा बसवलाय, सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर कुठं आहे, सगळं बोट लावून बघ. आबांना सांग, काही बिघडवत नाही म्हणून. परभणीत मोटरसायकलींची कामं करणारी जी तरुण पोरं आहेत, त्यांच्याकडे स्कॅनर आहे. हवेच्या इंजिनाचं इंजेक्शन त्यांनी रोज हाताळलंय. बीटल त्यांना नवी असेल, पण हे काम नवं नाही. माझा तर त्यांच्यावर मोठ्या मोटारींच्या जुन्या मिस्त्र्यांपेक्षा जास्त भरवसा आहे.

आता तुझ्या खास गाडीबद्दल. व्हिडिओत तू चार इंजेक्टर, चार थ्रॉटल असे देखणे सेट पाहतेस, ते मोठ्या १६०० इंजिनांवरचे असतात. त्यांच्या हेडमध्ये दोन-दोन इनटेक पोर्ट असतात. आपली १९६५ची १२०० आहे, ११९२ सीसी, ३४ अश्वशक्तीची. तिच्या प्रत्येक हेडला इनटेकचं तोंड एकच आहे आणि दोन सिलिंडर त्याच तोंडातून श्वास घेतात. त्यात फायरिंग ऑर्डर १-४-३-२, म्हणजे एकाच बाजूचे दोघे लागोपाठ ओढतात, आधी दोन मग एक, आधी चार मग तीन. एकाच्या वाटचं पेट्रोल दुसऱ्यानं ओढणं इथं टळत नाही. सिलिंडरागणिक वेगळं माप द्यायचं स्वप्न या हेडवर पुरं होत नाही. आणि हेड-इंजिनच बदलून १६०० घालावं म्हणशील तर इंजिन नंबर बदलला, आणि आरटीओचं प्रकरण उभं राहिलं.

माझं मत विचारशील तर कार्बोरेटरच्या जागी, त्याच मॅनिफोल्डवर, एकच थ्रॉटल बॉडी बसव आणि इंजेक्टर तिथंच ठेव. ३४ अश्वशक्तीला मिनिटाला साधारण सव्वादोनशे सीसी देणारा इंजेक्टर पुरतो. हिशेब करून बघ, मग रेसिंगचे मोठे इंजेक्टर कुणी गळ्यात मारू शकणार नाही. मोठ्या इंजेक्टरला आयडलवर थेंबाथेंबानं सोडणं जमत नाही आणि गाडी उभ्या उभ्या मिस मारते. एकाच थ्रॉटलचा आणखी एक फायदा म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब स्थिर राहतो, सेन्सरला तो नीट वाचता येतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट, मामांच्या गाडीला कुठं करवत लागत नाही. चार नट काढले की सोलेक्स परत बसला.

मात्र त्या लांबलचक पाइपांतून ओलं पेट्रोल जाणार, म्हणून मॅनिफोल्डच्या मधोमध खालून जी सायलेन्सरची गरम नळी जाते ती मोकळी हवी. बहुतेक जुन्या गाड्यांत ती काजळीनं गच्च भरलेली असते. डिसेंबरात पहाटे आपल्याकडे चांगलाच गारठा असतो. ती नळी बंद असेल तर पेट्रोल पाइपाच्या भिंतीला चिकटतं आणि पिकअप देताना इंजिन घुटमळतं. इंजेक्शन आलं म्हणून हे चुकत नाही.

आता एक खाच सांगते, ती तुला सहसा कुणी सांगणार नाही. तुझ्या गाडीचा डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, फक्त व्हॅक्यूमवर टायमिंग पुढं नेतो, आणि तो व्हॅक्यूम येतो सोलेक्सच्या अंगातल्या भोकातून. ती दोघं एकमेकांसाठी बनवलेली आहेत. कार्बोरेटर उतरवलास की डेल्कोला काही कळेनासं होतं. टायमिंग मागंच राहतं, गाडी ओढत नाही, हेड तापतं, आणि सगळे म्हणतात इंजेक्शन वाईट. म्हणून ठिणगीचा विचार आधी कर. क्रँकच्या पुलीवर दात्यांचं चाक बसव, ३६ दात्यांतला एक गाळलेलं मिळतं ते, शेजारी सेन्सर ठेव, आणि कॉम्प्युटरला आधी नुसतं इग्निशन सांभाळू दे. पेट्रोलचं काम तोवर सोलेक्सकडेच. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत अशी चालव. या काळात वायरिंगचे सगळे दोष बाहेर येतात, आणि ते अशा वेळी येतात जेव्हा बिघाड कुठं आहे हे तुला शोधता येतं. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्यास तर गाडी बंद पडल्यावर ठिणगी गेली की पेट्रोल गेलं, हेच कळत नाही.

त्याच दिवसांत सायलेन्सरमध्ये वाइडबँड लॅम्डा सेन्सर बसवून घे. त्यासाठी मूळ सायलेन्सरला भोक पाडू नकोस, दुसरा घे. मग गेजवर दिसेल की सोलेक्स खरंच काय देतोय. पूर्ण भार असताना ०.८५च्या आसपास, सपाट रस्त्यावर एकाच्या किंचित खाली, असं हवं. मी तुला खरं सांगते, मोठं जेट घालून सोलेक्सनं हे आकडे दिले आणि टाकीजवळ विजेचा पंप बसवल्यावर वाफेचा त्रासही गेला, तर तुला कदाचित इंजेक्शन नकोच वाटेल. तसं वाटलं तर थांब. तेही योग्यच आहे. आणि तरी करावंसं वाटलं तर हेच गेज पुढं तुझा आधार होईल. फक्त सायलेन्सरचे सांधे पक्के हवेत. तिथून बाहेरची हवा आत शिरली की सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि कॉम्प्युटर पेट्रोल ओततच राहतो. शिवाय बीटलचा हीटर सायलेन्सरच्या तापावर चालतो. गळका सांधा म्हणजे विषारी वायू थेट तू बसतेस तिथं.

वीज. गाडी ६ व्होल्टची आहे, कॉम्प्युटर आणि पंपाला १२ लागतात. बॅटरी, डायनमोच्या जागी अल्टरनेटर, कॉइल, बल्ब, हॉर्न, वायपर हे सगळं बदलावं लागेल. हा खर्च आधीच धरून चाल. जुना डायनमो आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही, आणि व्होल्टेज खालीवर झालं की इंजेक्टर उघडायचा वेळ बदलतो. प्रत्येक अर्थ वायर खरवडून चकचकीत धातूवर घट्ट कर. प्लग रेझिस्टरचेच घाल, नाहीतर ठिणगीचा उपद्रव सेन्सरच्या वायरीत शिरतो.

आता जे सांगते ते दोनदा वाच. जुन्या पंपाचा दाब पाव बारच्या आसपास असतो. इंजेक्शनचा ३ बार. साध्या पाइपातून थेंब गळायचा, तिथं आता फवारा उडतो, आणि तोही तापलेल्या इंजिनावर. टाकीपासून मागपर्यंत सगळा पाइप नवा, इंजेक्शनच्या दाबाचा आणि इथेनॉल सोसणारा घे. जुनं रबर या पेट्रोलनं आतून सोलतं. स्क्रूच्या पट्टीच्या क्लिपा रबर कापतात, म्हणून इंजेक्शनच्याच गोल कडांच्या क्लिपा वापर. परतीचा पाइप टाकीपर्यंत वेगळा ने. फिल्टर डिकीत, डेल्कोच्या वर कधीही लटकवू नकोस. बीटल पेटण्याच्या गोष्टी तू ऐकशील, त्या बहुतेक अशाच कुठल्यातरी दोन रुपयांच्या पाइपापासून सुरू होतात. पंपाच्या वायरीत धक्का बसल्यावर तोडणारा स्विच घाल, म्हणजे अपघात झाला तर पंप बंद पडेल. आणि इंजिन थांबलं की पंप थांबतो ना, हे स्वतः बघ.

आणि शेड. दिवाळीनंतर आपल्या घरात कापूस असतो. पडवीत, माजघरात, शेडमध्ये, छताला टेकेपर्यंत. कापूस विकला जाईपर्यंत टाकी उतरवायची नाही, पाइप सोडायचा नाही, शेडमध्ये वेल्डिंग करायचं नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत जाते, दिसत नाही. टाकीचं काम उघड्या अंगणात, दिवसा, वारं असताना, आणि जवळ आग विझवायचा सिलिंडर ठेवूनच. वाळूची बादली पुरेशी आहे असं आबा म्हणतील. त्यांचं ऐकून घे, आणि सिलिंडर आण. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून जास्त धोक्याची असते, तिला वेल्डिंगच्या दुकानात नेताना त्यांना आत पेट्रोल होतं हे सांगितल्याशिवाय राहू नकोस.

कागदांचं थोडक्यात सांगते. २०२१ साली केंद्र सरकारनं ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळी विंटेज नोंदणी आणली. त्यात चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला चालत नाही, आणि ती गाडी रोजच्या जाण्या-येण्यालाही वापरता येत नाही. तुला रोज परभणीला जायचंय, तेव्हा तो रस्ता आज तुझा नाही. पण उद्या बदलू शकतो. म्हणून सोलेक्स, डेल्को, पंप, सायलेन्सर, डायनमो, प्रत्येक नट ऑइल लावून, चिठ्ठी बांधून ठेव. गाडीची नोंदणी हैदराबादची आहे, तेव्हा तिथली एनओसी आणि तुझं नाव चढवणं आधी पुरं कर, आणि परभणीच्या एमएच-२२ कार्यालयात बदलाबद्दल लेखी विचार, लेखी उत्तर घे. तोंडी 'चालतंय की' वर जाऊ नकोस.

एक मनातलं सांगू? या कामात तुला खूप जण मदत करायला येतील. चांगल्या मनानं येतील. आणि त्यातले बरेच तुझ्या हातातला पाना घेऊन 'बाजूला हो ताई, तुला जमायचं नाही' म्हणतील. पाना देऊ नकोस. विचार, ऐक, शीक, पण लॅपटॉपवरचा आकडा तू बदल आणि का बदलला ते वहीत तूच लिही. तारीख, हवेचं तापमान, हेडचं तापमान, लॅम्डा, काय बदललं. एका वेळी एकच. ज्या बाईच्या हातात ती वही आहे तिला पुढं कुठलंही गॅरेज फसवू शकत नाही. बंद पडलेल्या गाडीशेजारी रस्त्यात उभं राहून कुणाची तरी वाट बघणं तुझ्या वाट्याला येऊ नये, असं मला फार वाटतं. मामांनीही गाडी तुलाच दिली, आपल्या एकाही भावाला नाही. त्यांनी तुला लहानपणी प्लग साफ करताना पाहिलं होतं.

आणि घाई करू नकोस गं. गाडी साठ वर्षं टिकली आहे, आणखी एक हंगाम थांबेल. पेरणीच्या दिवसांत तुला वेळ मिळणार नाही हे मला माहीत आहे. तेव्हा गाडी उभी राहणार असेल तर टाकी कोरडी करून ठेव. इथेनॉल पावसाळी हवेतलं पाणी ओढतं, ते तळाला बसतं, आणि टाकी आतून गंजते. तो गंज पुढं थेट इंजेक्टरच्या तोंडात येतो.

म्हणून इंजिन खाली घ्यायच्या आधी टाकी एकदा बघून ठेव. या रविवारी उजेडात तिचं झाकण उघड, टॉर्चनं आत बघ आणि मला फोटो पाठव. तळ लालसर दिसला तर आधी टाकी साफ करून घेऊ, पंप कुठला घ्यायचा ते नंतर बोलू.